मदत हवी आहे : आईसाठी आता संधिवाततज्ज्ञ गाठावा का?

आई ५८ वर्षांची, राहायला साताऱ्याजवळ. चार महिने दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, कणीक मळणं बंद झालंय. हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक आणि कॅल्शियम दिलं. गोळी थांबली की सूज परत. एक्स-रे, युरिक ॲसिड नॉर्मल, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ५२, म्हणजे वाढलेला. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह, म्हणून ‘वयाचं दुखणं’ म्हणाले. मला ते पटत नाही, कारण हा फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्तचाचणी केलेली नाही. ताप, सोरायसिस नाही. बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे इतकी वेदनाशामकं देताना धास्ती वाटते. पुण्याचा प्रवास तिला वारंवार झेपणार नाही. अँटी-सीसीपी इथेच करून रिपोर्ट घेऊन जावं, की न थांबता थेट संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्यावी?