पाचवीसाठी शाळा निवडताना: एडीएचडी आणि चिंतेचा त्रास असलेल्या मुलाबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न : चौथीतल्या मुलाची आई, पुणे

नमस्कार. माझा मुलगा यंदा चौथीत आहे. त्याची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे जूनपासून त्याला पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत घालावे लागणार आहे. तो आठ वर्षांचा असताना बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा) निदान केले. चिंतेचा त्रास त्यानंतर लक्षात आला. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचे पोट दुखते, रविवारी कधीच दुखत नाही. वर्गात उभे राहून वाचायला सांगितले की तो शर्टाची कॉलर चावू लागतो. घरी आल्यावर ती कॉलर ओली आहे की कोरडी, यावरून त्याचा दिवस कसा गेला हे मला न विचारता कळते. न्याहारीनंतर त्याला मिथाइलफेनिडेटची गोळी देतो. तिने लक्ष लागते, पण भूक मरते, आणि डबा बहुतेक वेळा जसाच्या तसा परत येतो.

आजवर त्याचे निभावले ते एका बाईंमुळे. पहिलीपासून त्याच वर्गशिक्षिका होत्या. त्या त्याला मध्येच फळा पुसायला उठवत, आणि वाचनाची पाळी येणार असेल तर आदल्या दिवशीच त्याला तो परिच्छेद दाखवून ठेवत. हे त्यांना आम्ही सुचवले नव्हते. मुलाकडे बघून त्यांनीच ठरवले होते.

आमच्यासमोर तीन शाळा आहेत. एक घरापासून चालत दहा मिनिटांवरची अनुदानित मराठी शाळा. तुकडीत ५८ मुले आणि पाचवीचे वर्ग दुपारच्या सत्रात. दुसरी सीबीएसईची, तुकडीत ३५ मुले, समुपदेशक आणि विशेष शिक्षिका दोघीही आहेत, पण बसने जायला एक तास लागतो आणि फी आम्हाला जेमतेम झेपेल अशी आहे. तिसरी छोटी, प्रयोगशील, मराठी माध्यमाची. वर्गात २२ मुले, पण सातवीपर्यंतच. दुसऱ्या शाळेत आधी जागा आहेत असे सांगण्यात आले होते. मी निदानाविषयी बोलल्यावर मात्र "जागा आहे का ते बघून कळवतो" असे उत्तर मिळाले. तेव्हापासून घरातली वडीलधारी मंडळी म्हणत आहेत की निदान सांगूच नये, मुलावर शिक्का बसतो. शाळा बघायला गेल्यावर नेमके काय बघावे, आणि निदान सांगावे की नाही, याविषयी अनुभवी पालकांनी आणि शिक्षकांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : पाचवी ते सातवीच्या वर्गांवर शिकवणारी शिक्षिका, सातारा जिल्हा

ताई, पाचवीत अभ्यास वाढतो असे सगळे म्हणतात, परंतु तुमच्या मुलासारख्या मुलाला खरा फटका बसतो तो माणसे वाढल्यामुळे. चौथीपर्यंत दिवसभर एकच बाई असतात. पाचवीत अनेक शाळांमध्ये तासागणिक शिक्षक बदलतो आणि प्रत्येकाची वही, प्रत्येकाची शिस्त आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. जे तुमच्या बाईंनी चार वर्षांत ओळखले, ते ओळखायला आम्हा विषयशिक्षकांना पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास मिळतो आणि समोर पन्नासच्या वर मुले असतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक, असे प्रमाण ठरवून दिले आहे. ५८ ची तुकडी या प्रमाणापासून किती दूर आहे ते तुम्हीच बघा.

तरीही केवळ पटसंख्या बघून त्या शाळेवर फुली मारू नका. मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा. पाचवीच्या वर्गशिक्षकाचे स्वतःच्या वर्गावर दिवसाला किती तास असतात? आणि मुलाला वर्गात बसवेना झाले, रडू आले किंवा पोटात कळ आली, तर तो कोणाकडे जातो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या माणसाचे नाव असले पाहिजे. "आमचे सगळेच शिक्षक समजूतदार आहेत" हे त्याचे उत्तर नव्हे. शक्य असेल तर मधल्या सुट्टीत फाटकाजवळ उभ्या राहा. घंटा झाल्यावर मुले वर्गात कशी परततात आणि मागे रेंगाळणाऱ्याला कोण काय म्हणते, हे पाच मिनिटांत दिसते.

दुपारच्या सत्राचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीचा त्याहून बराच जास्त. आज सकाळी आठला दिलेली साधी गोळी दुपारच्या शाळेत पहिला तास सुरू होतो त्याच सुमारास उतरेल, आणि तीच उशिरा दिली तर रात्रीची झोप लांबू शकते. गोळीची वेळ स्वतः बदलू नका. शाळेचे वेळापत्रक घेऊनच डॉक्टरांकडे जा.

एक प्रसंग सांगते, कारण तो मला विसरता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला अपूर्ण वहीसाठी मी सहामाहीपर्यंत दर आठवड्याला उभे केले होते. पुढे त्याच्या आजोबांकडून निदान कळले. मग मी त्याला शेजारच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स चिकटवू दिली आणि तिसऱ्या तासाला हजेरीपुस्तक कार्यालयात पोचवण्याचे काम कायमचे त्याच्याकडे दिले. तो मुलगा तोच होता आणि वर्गही तोच होता. मला जूनमध्येच कळले असते तर त्याचे ते पाच महिने वाचले असते. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: निदान सांगा.

उत्तर २ : आठवीतल्या मुलीचे वडील, नाशिक

आमच्या मुलीला हेच दोन्ही त्रास आहेत. आम्ही पाचवीत तिला छोट्या प्रयोगशील शाळेत घातले होते. आमचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही, पण तिथे जे कळले ते आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. अशा शाळेत मोकळीक असते, जागेवरून उठायला बंदी नसते, आणि चंचल मुलाला त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र त्याच मोकळिकीमुळे पुढच्या तासाला काय होणार हे आधी ठरलेले नसते, आणि ज्या मुलाच्या मनात चिंता आहे त्याला नेमके तेच सोसत नाही. "आज काय करणार आहेत?" हा प्रश्न ती मला रोज सकाळी दारात चपला घालताना विचारत असे आणि मला उत्तर देता येत नसे. शेवटी तिच्या वर्गाच्या ताईंनी, म्हणजे शिक्षिकांनी, आदल्या दिवशी चार ओळींत दुसऱ्या दिवसाचा क्रम लिहून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सकाळचे रडणे थांबले. त्यामुळे तिसऱ्या शाळेत गेलात तर वर्गात वेळापत्रक लावलेले आहे का आणि ते पाळले जाते का, हे जरूर बघा.

बसबद्दल माझे मत कठोर आहे. जाता-येता दोन तास म्हणजे मुले एकत्र, शिक्षक नाही, आणि बसमधल्या मावशींचे लक्ष दाराकडे. आमच्या मुलीला सर्वाधिक चिडवले गेले ते वर्गात नव्हे, व्हॅनमध्ये. सातवीनंतरच्या बदलाची मात्र फार धास्ती घेऊ नका. तेरा वर्षांचे मूल स्वतःविषयी बोलू शकते. आमची मुलगी नव्या शाळेत मुख्याध्यापिकांशी स्वतःच बोलली.

उत्तर ३ : विशेष शिक्षिका, ठाणे

कायद्याची बाजू थोडक्यात लिहिते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. एडीएचडीसोबत वाचन-लेखनाची अडचण पुष्कळदा असते, म्हणून वाचनाची भीती हा निव्वळ चिंतेचा भाग न समजता अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळू शकत होते आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत होती. २०२४ मध्ये त्या सूचना बदलल्या, म्हणून सध्याचा नियम तपासणीच्या वेळी विचारून घ्या. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. पाचवीच्या घटक चाचण्या शाळाच घेते. तिथे दहा मिनिटे जास्त देण्यासाठी मुख्याध्यापकांची तयारी पुरेशी असते.

हक्क आहे म्हणून जिथे मूल नको आहे तिथेच भांडून प्रवेश घ्यावा, असे मात्र मी सुचवणार नाही. निदान सांगताना अहवालाची फाइल पुढे ठेवू नका, ती कोणी वाचत नाही. एकच पान लिहा: त्याला काय जमते, तो कशाने घाबरतो, घाबरल्यावर कसा दिसतो आणि त्या वेळी काय केल्याने शांत होतो. कॉलरची गोष्ट त्यात पहिली लिहा. ते पान वर्गशिक्षकांबरोबरच प्रत्येक विषयशिक्षकाला द्या. शारीरिक शिक्षणाच्या सरांना विसरू नका.

प्रश्नकर्तीचे निवेदन, तीन आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सीबीएसईच्या शाळेतून काहीच कळवले गेले नाही आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. उरलेल्या दोन्ही शाळा मी मधल्या सुट्टीत जाऊन पाहिल्या. प्रयोगशील शाळेतल्या ताई फार प्रेमळ वाटल्या, पण वेळापत्रकाविषयी विचारल्यावर त्यांनी "ते मुलांसोबत ठरत जाते" असे सांगितले आणि मुलाने माझा हात घट्ट धरला. अनुदानित शाळेत मुख्याध्यापिकांना सातारच्या बाईंनी सुचवलेला प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला ग्रंथालयात नेले. तिथल्या बाई सतरा वर्षे त्याच टेबलाशी बसतात आणि शाळेत ज्याला बरे वाटत नाही ते मूल त्यांच्याकडेच येते, हे मला त्यांच्या टेबलाखालच्या छोट्या स्टुलावरून आणि त्यावर बसून संत्रे सोलत असलेल्या सहावीतल्या मुलीवरून आधीच कळले होते.

पाचवीच्या वर्गशिक्षकांचे रोज तीन तास स्वतःच्या वर्गावर असतात. ५८ ची काळजी मला अजून आहे. डॉक्टरांनी दुपारच्या सत्रासाठी गोळीचा प्रकार आणि वेळ दोन्ही बदलून दिले आहेत, आणि आता तो घरून जेवूनच निघेल, त्यामुळे डब्याचा प्रश्नही बराचसा सुटेल असे दिसते. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. एक पान लिहून झाले आहे. "घाबरल्यावर काय केल्याने बरे वाटते" याखाली त्याने स्वतः "पाणी प्यायला पाठवा, पण कोणाला सोबत देऊ नका" असे लिहिले.

मे महिन्यात शाळा रिकामी असताना त्याला घेऊन या, असे मुख्याध्यापिकांनी आपणहून सांगितले आहे. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. ग्रंथालयापर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे त्याला मोजून ठेवायचे आहे.