कोविडची दोन वर्षं: तेव्हा शिकत होतात, तर लिहा

माळा आवरताना पुतण्याची २०२०ची वही सापडली. चार पानं भूमितीची, पुढे नुसत्या गोल रेघा, कागद फाटेपर्यंत ओढलेल्या. त्याला दाखवली तर म्हणाला, "काकी, तेव्हा काही डोक्यातच शिरत नव्हतं गं." आम्ही घरचे तेव्हा म्हणायचो, पोरगा मोबाइलपायी आळशी झाला. तुमच्याकडे काय झालं? सल्ले नकोत, घडलं तेवढं लिहा.

फोंडा, तेव्हा दहावी
२२ मार्चचा जनता कर्फ्यू गोव्यात संपलाच नाही, तसाच लॉकडाऊनला जाऊन मिळाला. पहिले काही दिवस वाण्याची दुकानंही बंद. पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पों-पों ऐकू येईना. परीक्षा पुढे ढकलली. होणार, रद्द होणार, रोज नवा फॉरवर्ड. एकच धडा मी चारदा वाचायचे आणि चारदा विसरायचे. शेवटी २१ मेला पेपर सुरू झाले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ. प्रश्न वाचले, सगळं येत होतं, पण हात थरथरत होता. ती थरथर पुढे कॉलेजातही प्रत्येक परीक्षेला यायची. घरी बोलले नाही. मार्क चांगले पडले होते, मग विचारणार कोण!

सत्तरी, तेव्हा अकरावी
वाड्यावर रेंज नाही. डोंगरावर एका काजूखालच्या दगडावर दोन काड्या यायच्या. पावसात एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन, पायाला जळवा. जळवांचं काही नाही, मीठ न्यायचे सोबत. पण सर हजेरी घ्यायचे, मी "येस सर" ओरडायचे आणि ते पुढचं नाव घ्यायचे. महिनाभराने मी ओरडणंच सोडलं. दगडावर जाऊन नुसती बसून यायचे. आईला वाटायचं, क्लास चाललाय.

मडगाव
माझं उलटं. वर्गात मला तोतरा म्हणून चिडवायचे. घरी बसून वर्ष सुखात गेलं. शाळा उघडणार म्हटल्यावर पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही.

वास्को, आई
जून २०२०मध्ये मांगोर हिल कंटेनमेंट झोन झाला. आमचं घर आतच. आम्हाला कोणालाच कोविड झाला नाही, तरी वर्गाच्या ग्रुपवर मुलाचं नाव 'मांगोर' पडलं. नववीतला मुलगा, रात्री दिवा लावून झोपायला लागला. मी त्याला ओरडले, बिल वाढतंय म्हणून. हे लिहितानासुद्धा नको वाटतं.

डिचोली, तेव्हा बारावी
मे २०२१. बाबा इस्पितळात, ऑक्सिजनवर. आत कोणाला सोडत नव्हते, फोन हाच काय तो आधार. त्यातच तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे दोन दिवस वीज नाही. फोन मेला. शेजाऱ्यांच्या गाडीत बसून चार्ज केला, तोवर बाबांचे अकरा मिस्ड कॉल. पुढे परीक्षा रद्द झाली, मित्र सुटलो म्हणाले. मला कशाचंच काही वाटेना. बाबा घरी आले, आता बरे आहेत. मी अजूनही चार्जर दोन बाळगतो, आणि बॅटरी चाळिसाखाली गेली की घाम फुटतो.