अनुभव धागा : वाचनालय मोबाइलवर आलं, मग पायरी कोण चढलं?

नागपुरात सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत आता बहुतेक वाचनालयांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाहीतर फेसबुकवर पान तरी आहे. त्यातल्या कशामुळे माणूस खरंच वाचनालयात आला आणि कशाला नुसते अंगठे मिळाले, ते या धाग्यात हवंय. ग्रंथपाल, संचालक, वाचक, अभ्यासिकेतली मुलं, सगळ्यांनी लिहा. 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' हे वाक्य सोडून काहीही चालेल.

महालातली ग्रंथपाल

आमचा ग्रुप आधी सुप्रभात आणि गजानन महाराजांच्या फोटोंनीच भरायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि काही सभासद बायकांना अनोळखी नंबरांवरून 'हाय' येऊ लागलं. एका काकूंनी तर पुस्तकं आणून दिली आणि सभासदत्वच बंद करा म्हणाल्या. मग चॅनल काढलं. त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. नव्या पुस्तकांची यादी आणि सुट्टीची सूचना तिथेच जाते.

पण चॅनलवर वाचकाला उत्तर लिहिता येत नाही, आणि आमचं खरं काम तर उत्तरांतच आहे. त्यासाठी वेगळा नंबर घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. 'राखीव', 'मुदतवाढ', 'शोधायचंय' अशी लेबलं लावते. मे महिन्यात दुपारी बाराला महालात कुत्रंही बाहेर पडत नाही, तेव्हा ज्येष्ठांची मुदतवाढ याच नंबरावर होते. 'शोधायचंय'मध्ये सगळ्यात मजा. 'मॅडम, लहानपणी वाचलेलं, निळं कव्हर, आत एका मुलाची होडी होती.' नाव नाही, लेखक नाही. मी बालविभागाच्या कपाटाचा खणाखणाने फोटो काढून पाठवते. ते घरी बसून फोटो मोठा करून बघतात आणि 'तिसरा खण, डावीकडून पाचवं काढून बघा' असं कळवतात. कधी सापडतं, कधी नाही. पण बघता बघता फोटोतलं दुसरंच काहीतरी हवंसं होतं आणि माणूस संध्याकाळी दारात हजर.

धरमपेठचा वाचक

आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या पानावर शाल, श्रीफळ आणि हारतुरे यांखेरीज काही नसतं. प्रत्येक फोटोत तेच पाच जण. 'रविवारी उघडं असतं का?' म्हणून खाली विचारलं होतं. त्यावर कोणीतरी नमस्काराचे हात टाकले. उत्तर अजून यायचंय.

इतवारीचा जुना सभासद

आमच्याकडे पोळ्याच्या आसपास वाचनालयाने एका कुटुंबाच्या संमतीने त्यांच्या अल्बममधले मारबतीचे (ईडा-पीडा घेऊन जाते म्हणून मिरवतात त्या पुतळ्याचे) जुने फोटो फेसबुकवर टाकले. मजकूर एकच ओळ : 'यातलं दुकान ओळखा.' बाप्पा! काळी-पिवळी मारबत बाजूला राहिली आणि मागच्या पाट्यांवरून वाद पेटला. सोनाराचं की किराण्याचं, गल्ली ही की पलीकडची. ज्यांना टाइप करता येत नाही अशा आजोबांनी नातवाकडून आवाजी निरोप पाठवले. एकांनी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'ची जुनी आरोळी म्हणूनच दाखवली. ग्रंथपालांनी हे सगळं फोटोगणिक वहीत उतरवून घेतलं. हे मला मोलाचं वाटतं, कारण फेसबुकवरचं आठवड्यात खाली जातं. विकिमीडिया कॉमन्सवर टाकायचाही विचार झाला, पण तिथे मोकळा परवाना लागतो आणि फोटो कोणी काढले तेच ठाऊक नव्हतं. तो बेत तिथेच थांबला.

नंदनवनचा पोट्टा, एमपीएससीवाला

आमची गोष्ट सोपी हाय भाऊ. पहाटे उठून अभ्यासिकेत जा, तं जागाच नाही. आता टेलिग्रामवर ग्रुप हाय, वॉचमन काकाजी सकाळी रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकते. बस, तेवढ्यासाठी सगळे पाहून राह्यले तो ग्रुप. पोरं पुस्तकांच्या पीडीएफ टाकत होते, तं सरांनी बंद केलं. म्हणे लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क राह्यते, वाचनालयाच्या नावावर चोरी नको. पोरं चिडले थोडे. पण मंग सरांनी तेच पुस्तकं जास्तीच्या प्रतींनी मागवले, तं आता कोणी काही म्हणत नाही.

निवृत्त, सध्या यादी दुरुस्त करणारा

फेसबुकच्या आधी यादीकडे बघा, अशी माझी भुणभुण असते. कित्येक वाचनालयांच्या याद्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या ऑनलाइन चढवल्या की 'ययाति'च्या जागी नुसती चिन्हं उमटतात, शोधणार कसं? आम्ही मजकूर युनिकोडमध्ये आणून कोहा वापरतोय. ग्रंथालयाच्या कामाची ही मोफत संगणक प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली. तिच्यात वाचक पुस्तकाखाली अभिप्राय लिहितात आणि ग्रंथपालाने मंजूर केल्यावर तो दिसतो. लोक कमी लिहितात, पण लिहितात ते नेमकं : 'दुसऱ्या भागाशिवाय घेऊ नका, अर्ध्यात तुटतं.'

दुसरं, गुगल मॅपवर आपली वेळ बरोबर आहे का ते आजच बघा. नवा माणूस पाटी वाचण्याआधी तिथे बघतो.

उत्तर नागपूरची कार्यकर्ती

विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात. आमची खरेदी-समिती तिथून वाचनालयाच्या ग्रुपवर मुखपृष्ठांचे फोटो टाकते आणि वस्तीतली माणसं घरून सांगतात, 'हे घ्या, ते आपल्याकडे आहे.' स्वतः सांगितलेलं पुस्तक आलं की ते न्यायला माणूस येतोच.

एका 'ब' वर्गाच्या (सरकारी दर्जानुसार) वाचनालयाचा संचालक

सगळं मान्य, पण करणार कोण? अनुदानात पगार कसाबसा निघतो. आमचं पान ज्या हौशी मुलाने काढलं तो नोकरीला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये. आता सिमकार्ड वाचनालयाच्या नावावर आहे, पासवर्ड कपाटातल्या लिफाफ्यात.

धरमपेठचा वाचक

महालच्या ताईंना विचारायचं होतं, मुदतवाढीचा मेसेज रात्री अकराला आला तर?

महालातली ग्रंथपाल

आपोआप जाणारं उत्तर लावलंय : 'सकाळी नऊनंतर बघतो.' दंड मेसेजच्या तारखेवरून धरतो, आम्ही वाचल्याच्या नाही. आणि हो, रविवारी आम्ही उघडे असतो. दुपारी बारापर्यंत.