कोडं फोडलंच नाही की!

दादा, १९८२ च्या 'ब्लेड रनर' सिनेमाला ३५ वर्षांनी दुसरा भाग ('ब्लेड रनर २०४९') नकोच होता, नायक डेकार्ड माणूस की रेप्लिकंट, म्हणजे बनवलेला कृत्रिम माणूस, हे कोडं त्यात फुटणार, असं तुम्ही लिहिलंय. पण दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक व्हिलनव्ह, त्यानं ते फोडलंच नाही की! डेकार्ड झालेला म्हातारा हॅरिसन फोर्ड समोर उभा राहतो, तरी उत्तर मिळत नाही. पहिल्या भागातल्या, पावसातल्या छतावरच्या रटगर हाउअरच्या प्रसंगाच्या तोडीचं दुसऱ्यात काही नाही, हे मात्र मान्य. आणि तो उजेड! नारिंगी धुक्यातलं लास व्हेगास. तेरा नामांकनं हुकल्यावर छायाचित्रकार रॉजर डीकिन्सना ऑस्कर मिळालं ते यासाठीच. सिनेमाकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरकरांनी तरी एवढं छायाचित्रण नको होतं म्हणू नये. मोठ्या पडद्यावर परत लागला तर मी पुन्हा जाणार.