वडिलांची भाकरी सुटल्यापासून पोट साफ होत नाही. काय खायला द्यावं?

परभणीकर लेक:
अण्णांचं वय ७८. खालचे दात काढल्यापासून ज्वारीची भाकरी बंदच झाली. मऊ भात, चहा-बिस्किट, रात्री दूध-ब्रेड. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, मग चूर्ण घेतात, जुलाब होतात, पुन्हा तेच. पालेभाजी वाढली की "चावत नाही गं" म्हणून ताट सारतात. बळजबरी करवत नाही.

बालाघाट:
इसबगोल द्या. पेलाभर पाण्यात, कालवलं की लगेच प्यायचं. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र नको.

लातूरची सिस्टर:
ताई, अण्णांना भाकरी नकोशी झालेली नाही, चावता येत नाही एवढंच. पातळ भाकरी गरम असतानाच तुरीच्या वरणात कुस्करून भिजू द्या. पीठ चाळू नका, कोंडा जातो. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. भात-बिस्किटावर ते होणार कसे? अंबाडीची भाजी कण्या घालून मऊ घोटा, वरून लसणाची फोडणी. त्या पिढीला ती खा म्हणावं लागत नाही. शेपू मूगडाळीत शिजवा. पपई, भिजवलेलं अंजीर चालतं.

पण हळूहळू. आधी एकाच जेवणात बदल करा. एकदम वाढवलं की पोट फुगतं, अन् "बाधलं" म्हणून ते कायमचं सोडतील. पाण्याचंही विचारा. रात्री उठावं लागतं म्हणून कितीतरी म्हातारी माणसं दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. तंतू वाढले अन् पाणी नसलं की शौचाला उलट घट्ट होतं. सकाळपासून चारपर्यंत पाणी, ताक जास्त द्या; हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

अन् कवळीचं टाळू नका. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करा.

परभणीकर लेक:
लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यानंही होतं का?

लातूरची सिस्टर:
होतं. कॅल्शियमच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनीही होतं. मनानं बंद करू नका, सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. या वयात रक्त कशामुळे कमी झालं हे तपासलंय का, तेही विचारा. शौचातून रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल, तर भाजी-भाकरीच्या भरवशावर थांबू नका. पोट फुगून वाराही सरत नसेल, उलट्या होत असतील, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.