आपोआप फाटलेल्या हृदयधमनीत विरघळणारा स्टेंट टाकावा का?

सायली_क:
माझी मोठी बहीण, वय ४४. ना शुगर, ना बीपी. कणीक मळता मळता जबडा आणि डावा खांदा भरून आला, पिठाच्या हातानेच तिने मला फोन लावला. अँजिओग्राफीत चरबीचा ब्लॉकेज नव्हताच. धमनीच्या भिंतीत रक्त शिरून आतली वाट चेपली होती. याला स्कॅड म्हणतात, आणि हे बहुतेक बायकांनाच होतं. रक्तप्रवाह चालू होता म्हणून डॉक्टरांनी औषधांवरच ठेवलं.
पण ज्यांना स्टेंट टाकावाच लागतो, त्यांना विरघळणारा का नको? अशी धमनी बहुधा काही आठवड्यांत स्वतःच भरून येते. भिंतीतलं रक्त जिरलं की वाट रुंदावते आणि धातूचा स्टेंट सैल पडतो. तो जन्मभर आत कशाला?

निशिकांत:
ताई, ॲबसॉर्ब नावाचा विरघळणारा स्टेंट आठवतो का? २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१७ मध्ये कंपनीने विक्रीच थांबवली. त्याच्या जाळीच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड होत्या आणि गुठळ्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त होत होत्या. अटॅक येऊन गेलेल्या बाईला तो धोका कशासाठी?

माधवी_वापी:
सगळे विरघळणारे एका मापाने मोजू नका. आमच्या वापीच्या मेरिल कंपनीच्या मेरेस स्टेंटच्या काड्या १०० मायक्रॉनच्याच आहेत. मॅग्नेशियमचा साधारण वर्षभरात विरतो, ॲबसॉर्बला तीन वर्षं लागायची. महाग म्हणाल, तर २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या धातूच्या आणि विरघळणाऱ्या, दोन्ही स्टेंटना २९,६०० रुपयांची एकच कमाल किंमत ठरवली होती.

कॅथलॅब_सिस्टर:
किमतीचं सोडा. पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारखा विरघळणारा स्टेंट नीट बसायला आधी फुगा फुगवून जागा करावी लागते, आणि स्कॅडमध्ये नेमकी त्याचीच भीती. दाब पडला की भिंतीतलं रक्त पुढे सरकतं, फाट लांबते. शिवाय एक्स-रेत तो दिसतच नाही, दोन्ही टोकांचे ठिपके तेवढे दिसतात. धमनी फाटत चाललेली असताना मला पडद्यावर पूर्ण स्टेंट दिसायला हवा.

सायली_क:
सिस्टर, फुग्याचा मुद्दा मी धरलाच नव्हता. फाट लांबत असेल तर तिथे धातूचाच टाका, मान्य. पण दुखणं थांबलंय, प्रवाह चालू आहे, तरी ‘कशाला रिस्क’ म्हणून स्टेंट टाकतात, त्याला माझा विरोध कायम आहे. ताईची सीटी अँजिओ पुढच्या महिन्यात आहे. धमनी भरली का, ते इथेच लिहीन.