मदत हवी आहे : इथिओपियातील ब्रिटिश राजदूतांची यादी नेमकी कोणापासून सुरू करावी?

सर्वांना नमस्कार.

इथिओपियात ब्रिटनने वेळोवेळी नेमलेल्या राजदूतांवर, आणि राजदूत हे पद निर्माण होण्यापूर्वी तेथे गेलेल्या वकील, कॉन्सल व मंत्री (राजदूताच्या खालच्या दर्जाचा राजनैतिक प्रतिनिधी) अशा निरनिराळ्या दर्जाच्या प्रतिनिधींवर, मी मराठीत एक सविस्तर लेख तयार करत आहे. विसाव्या शतकाचा भाग बराचसा मार्गी लागला आहे. अडचण आहे ती एकोणिसाव्या शतकाची, आणि तिच्यासाठी मुंबई-पुण्यातील जुन्या कागदपत्रांशी परिचय असलेल्या सदस्यांची मदत हवी आहे.

पहिला प्रश्न प्रारंभाचा आहे. लंडनच्या परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने पाहिले तर यादी वॉल्टर प्लाउडन याच्यापासून सुरू होते. त्याची १८४८ मध्ये कॉन्सल म्हणून नेमणूक झाली, पुढच्याच वर्षी त्याने उत्तर इथिओपियातील प्रबळ सरदार रास अली याच्याशी करार केला आणि १८६० मध्ये गोंदरजवळ बंडखोरांच्या हल्ल्यात जखमी होऊन तो मरण पावला. परंतु त्याच्याही आधी, १८४१ मध्ये, मुंबई इंजिनिअर्सचा कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा मुंबईहून निघून एडन व ताजुरामार्गे शेवा या इथिओपियातील प्रांताचा राजा साह्ले सेलासी याच्या दरबारी अंकोबरला पोहोचला होता, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने राजाशी मैत्रीचा व व्यापाराचा करार केला होता. साह्ले सेलासी सम्राट नव्हता, शेवापुरताच त्याचा अंमल होता, आणि हॅरिसला पाठवले होते ते मुंबई सरकारने. म्हणून त्याला यादीत घेऊ नये असे म्हणता येईल. मला मात्र ते पटत नाही. आदिस अबाबा वसवणारा, पुढे इथिओपियाचा सम्राट झालेला मेनेलिक हा याच साह्ले सेलासीचा नातू, आणि पुढे ब्रिटनचा कायमचा प्रतिनिधी ज्या दरबारात स्थिरावला तो दरबार याच घराण्याचा होता. त्यामुळे हॅरिसला वगळणे म्हणजे या संबंधांची पहिली कडीच तोडणे होईल.

दुसरा प्रश्न १८६० नंतरच्या घडामोडींचा आहे. प्लाउडनच्या जागी आलेल्या चार्ल्स डंकन कॅमेरॉन याच्या हाती सम्राट तेवोद्रोसने १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नावे पत्र दिले. ते लंडनला पोहोचले, पण परराष्ट्र खात्याने त्याचे उत्तरच पाठवले नाही. त्यातच कॅमेरॉन इजिप्तच्या ताब्यातील कसाला भागात जाऊन आल्याने सम्राटाचा संशय बळावला, आणि जानेवारी १८६४ मध्ये त्याला बेड्या पडल्या. त्याच्या सुटकेसाठी होर्मुझ्द रस्साम याला पाठवण्यात आले. तो मूळचा मोसुलचा, उत्खननांमुळे नावाजलेला, आणि त्या वेळी एडनच्या रेसिडेंटचा साहाय्यक होता. एडनचा कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता, म्हणजे रस्साम हा मुंबईच्याच सेवेतील मनुष्य. १८६६ च्या आरंभी सम्राटाने त्याचे सन्मानाने स्वागत केले आणि काही महिन्यांतच त्यालाही कैदेत टाकले.

यानंतर कैद्यांच्या सुटकेसाठी ब्रिटिशांनी इथिओपियावर केलेली स्वारी सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा मुंबईशी असलेला संबंध मराठीत फारसा सांगितला जात नाही. मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १३,००० सैनिक आणि तोफा वाहण्यासाठी ४४ हत्ती तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील झुला येथे उतरले. १३ एप्रिल १८६८ रोजी सम्राटाचा मकदालाचा किल्ला पडला आणि तेवोद्रोसने राणीनेच भेट दिलेल्या पिस्तुलाने आत्महत्या केली. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या मुंबई लष्करातील अभियंता पथकाच्या कंपन्या या मोहिमेत होत्या. एका पत्राचे उत्तर न दिल्याची किंमत सुमारे ९० लाख पौंड आणि एका सम्राटाचा जीव इतकी झाली, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

पुढची तीस वर्षे यादीत जवळपास रिकामीच आहेत. १८८४ मध्ये अडवा येथे करार करणारे ॲडमिरल ह्युएट आणि १८८७ मध्ये आलेले जेराल्ड पोर्टल हे तात्पुरते दूत होते. १८९७ मध्ये रेनेल रॉड यांनी मेनेलिकशी तह केला आणि १८९८ मध्ये जॉन लेन हॅरिंग्टन हे आदिस अबाबात कायमचे राहण्यास आले. त्याच वर्षी सोमालीलँडचा कारभार हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. माझ्या मते मुंबईकडून चालणारा कालखंड येथे संपतो आणि लेखाचे दोन भाग याच ठिकाणी पाडावेत. आपले मत वेगळे असल्यास कृपया कारणासह सांगावे.

त्यानंतरची नावे सलग मिळतात. त्यांपैकी १९३६ मध्ये आदिस अबाबात ब्रिटिश मंत्री असलेले सिडनी बार्टन यांच्यावर मी स्वतंत्र परिच्छेद लिहिणार आहे. मे १९३६ मध्ये सम्राट हैले सेलासी राजधानी सोडून गेल्यावर आणि इटालियन फौजा पोहोचण्यापूर्वी जी लुटालूट झाली, तीत असंख्य परदेशी लोकांनी ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आश्रय घेतला, आणि तेथील पहाऱ्यावर हिंदी सैन्यातील शीख जवान होते. इटालियन ताब्याच्या काळात खंडित झालेला हा क्रम १९४२ च्या करारानंतर पुन्हा सुरू झाला. त्या करारात ब्रिटिश मंत्र्याला इतर सर्व देशांच्या प्रतिनिधींपेक्षा वरचे स्थान दिले होते, आणि १९४४ च्या नव्या कराराने ते काढून घेण्यात आले. स्वतंत्र देशाला असे कलम किती खुपले असेल, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

आता नेमकी मदत सांगतो. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात राजकीय विभागाची एडनविषयक दप्तरे कोणी पाहिली असल्यास, १८४१ ते १८४३ आणि १८६४ ते १८६८ या वर्षांचे खंड शोधण्यासाठी कोणती सूची मागवावी, आणि संशोधन संस्थेशी संलग्न नसलेल्या वाचकाला कोणती कागदपत्रे सादर करावी लागतात, ते सांगावे. ‘ज्ञानप्रकाश’ किंवा ‘इंदुप्रकाश’ यांचे १८६७-६८ चे अंक कोणत्या ग्रंथालयात हाताळण्याजोग्या स्थितीत आहेत, हेही कळल्यास उपकार होतील. हबसाणच्या (म्हणजे इथिओपियाच्या) स्वारीविषयी तेव्हाच्या मराठी वाचकांना काय सांगितले जात होते, ते मला लेखात आणायचे आहे. हॅरिसचे निधन १८४८ मध्ये पुण्याजवळच झाले. पुणे परिसरातील जुन्या लष्करी दफनभूमींची नोंद कोणी केली असेल आणि तीत त्याचे नाव आढळले असेल, तर ठिकाण आणि शिलालेखाचा मजकूर येथे द्यावा.